पत्र्याच्या डब्यातल्या सोळा गोळ्या

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या खडखडाटाची एवढी सवय असते की आवाज थांबला की माणसं दारात येतात. तशीच एक वीज गेलेली दुपार. एका बोळातल्या घरात अक्कांनी फळीवरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला आणि माझ्यासमोर चटईवर उपडा केला. दोऱ्याच्या रिळी, बटणं, रेशनकार्डाची झेरॉक्स आणि सोळा गोळ्या. बारा लहान, चार मोठ्या. माझ्या मांडीवर मोहिमेच्या रजिस्टरची प्रत होती. त्यात या घरापुढे लिहिलं होतं: पात्र व्यक्ती सहा, औषध घेतलेल्या व्यक्ती सहा.

काळ २००० च्या दशकाच्या अखेरचा. मी तेव्हा पीएसएमची, म्हणजे रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्राची, विद्यार्थिनी होते आणि हत्तीरोगाच्या गोळ्या वाटून झाल्यावर घरोघर पडताळणी करणाऱ्या पथकात होते. घरच्यांची ओळख पटू नये म्हणून काही बारकावे बदलले आहेत. डबा आणि गोळ्यांचा हिशेब आहे तसाच ठेवला आहे. या घराशेजारी मी चीनमधलं एक गाव मांडणार आहे. हत्तीरोगावर सरकारी पातळीवर काम दोन्ही देशांनी १९५० च्या दशकातच हाती घेतलं. २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेने चीनचं काम संपल्यावर शिक्कामोर्तब केलं. आपलं अजून चालू आहे. असं का झालं, याचं बरंचसं उत्तर मला त्या डब्यात दिसतं.

घर आणि गोळ्या

घरात सात माणसं. सत्तरीच्या अव्वा. (तेलुगूत अव्वा म्हणजे आजी, कानडीत आई. या बोळात दोन्ही भाषा नांदतात, त्यामुळे एक हाक मारली की दोन घरांतून ओ येते.) त्यांचा मुलगा पन्नाशीचा, मागावर बारा तासांची पाळी करणारा, त्याला सगळा बोळ मामा म्हणायचा. त्याची बायको, विड्या वळणाऱ्या अक्का. मोठा मुलगा, तोही मागावर. त्याची बायको, पाच महिन्यांची गरोदर. आईबरोबर विड्या वळणारी वीस वर्षांची मुलगी. आणि सातवीतला धाकटा.

अव्वांचा डावा पाय गुडघ्याखाली सुजून खांबासारखा झाला होता. कातडी जाड, बोटांच्या फटी ओल्या. वर्षातून दोन-तीनदा त्यांना थंडी वाजून ताप यायचा, पाय लालभडक व्हायचा आणि त्या आठवडाभर अंथरुणावर असायच्या. घरात या आजाराला नाव नव्हतं. 'अव्वाचा पाय' एवढंच.

गोळ्यांचा हिशेब असा. डायइथिलकार्बामाझिन, म्हणजे डीईसी, १०० मिलिग्रॅमची गोळी: पंधरा वर्षांपुढे तीन, सहा ते चौदा वयाला दोन, दोन ते पाच वयाला एक. सोबत ४०० मिलिग्रॅमची अल्बेंडाझोलची एक गोळी. दोन वर्षांखालची मुलं, गरोदर बायका आणि गंभीर आजारी माणसं वगळायची. सून वगळली की उरतात सहा. त्यांच्या डीईसीच्या सतरा, अल्बेंडाझोलच्या सहा. डब्यात निघाल्या बारा आणि चार. म्हणजे दोघांनीच घेतल्या होत्या, मुलीने आणि धाकट्याने.

मुलीने त्या सकाळी अकरा वाजता वाटप करणारीच्या समोरच गिळल्या, पोटात फक्त चहा. जेवून घ्यायच्या असतात हे तिला कोणी सांगितलं नाही, किंवा सांगितलं ते मागांच्या आवाजात विरलं. संध्याकाळी तिला ताप भरला, चक्कर आली, दोनदा उलटी झाली. रात्रीपर्यंत बोळभर बातमी. बाकीच्या गोळ्या डब्यात गेल्या. मामांचं म्हणणं मला आजही शब्दन् शब्द आठवतं: "मागावर चक्कर आली तर बोट जातंय, ताई. बोट काय सरकार देणार हाय?" मोठ्या मुलाने वडिलांचं ऐकलं. अक्कांना दुसऱ्या दिवशी हजार विड्या द्यायच्या होत्या. ताप येऊन बसायला त्यांच्याकडे दिवस नव्हता. राहता राहिल्या अव्वा. घरात गोळी हवी असणाऱ्या त्या एकट्याच होत्या. "माझाच पाय सुजलाय आणि मलाच देत नाहीत," असं त्या मला तीनदा म्हणाल्या. म्हातारीला काही झालं तर, म्हणून मुलाने त्यांच्या गोळ्याही डब्यात टाकल्या होत्या.

मुलीला जे झालं त्यात एक गोष्ट दडली होती आणि ती त्या घरात कोणाला ठाऊक नव्हती. डीईसी रक्तातल्या सूक्ष्म जंतूंना, मायक्रोफायलेरियांना, मारते. ते मरताना अंगात जी उलथापालथ होते तिचाच ताप येतो, डोकं गरगरतं. ज्याच्या रक्तात जंतू नाहीत त्याला सहसा काही होत नाही. उपाशी पोटाचा वाटा असेलही, पण तो ताप बहुधा सांगत होता की या धडधाकट पोरीच्या रक्तात जंतू होते आणि ते आता मेले. औषध लागू पडल्याची ती खूण होती. बोळाने तिचा अर्थ नेमका उलटा लावला, आणि तो अर्थ खोडून काढायला त्या संध्याकाळी तिथे कोणी नव्हतं. वाटप सकाळी संपलं होतं.

वाटप करणारीने खोटं लिहिलं का? मला तसं म्हणवत नाही. ती नर्सिंग शिकणारी पोरगी होती, हातात लांबलचक यादी, आणि रजिस्टरच्या रकान्यात दिल्या आणि घेतल्या यांत फरकच केलेला नव्हता. तिने दिल्या, म्हणून बरोबरची खूण केली. माझ्या मते सगळी गोम त्या रकान्यात होती.

गटार, ड्रम आणि रात्र

हत्तीरोग पसरवणारा डास क्यूलेक्स क्विंकेफॅसिएटस. त्याला घाण पाणी लागतं: तुंबलेली गटार, शौचालयाची टाकी, शोषखड्डा. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, म्हणून घरोघरी ड्रम आणि पिंपं भरलेली. डेंग्यूचा डास त्या स्वच्छ पाण्यात वाढतो. त्यामुळे 'डास म्हणजे ड्रम' हे समीकरण सगळ्यांच्या डोक्यात पक्कं झालं आहे. कर्मचारी येतो, ड्रममध्ये डोकावतो, खडूने तारीख टाकून जातो. शौचालयाच्या टाकीच्या व्हेंट पाइपच्या तोंडाला जाळी आहे का, हे बघणारा मला त्या बोळात कोणी भेटला नाही. अक्का आणि त्यांची मुलगी दिवस मावळेपर्यंत जिथे विड्या वळत बसायच्या, तो उंबरा गटारीपासून चार हातांवर होता.

एखाद-दुसऱ्या चाव्याने हा रोग होत नाही. डासाच्या पोटात जंतूंची संख्या वाढत नाही. गेले तेवढेच, किंवा त्याहून कमी, दहा-चौदा दिवसांत लागण करण्याजोगे होतात. त्यातले फार थोडे माणसाच्या अंगात टिकतात. महिनोन् महिने, वर्षानुवर्षं चावे बसावे लागतात. म्हणून हा एका जागी राहणाऱ्यांचा रोग आहे. पाहुण्यांना तो सहसा धरत नाही.

आणि जंतू रक्तात दिसतात ते रात्री. दिवसा ते फुप्फुसांच्या बारीक वाहिन्यांत दडून बसतात, मध्यरात्रीच्या सुमारास बाहेरच्या रक्तात येतात, कारण डासही तेव्हाच चावतो. म्हणून रक्त रात्री साडेआठनंतर घ्यायचं. आमच्या विनंतीवरून रात्रीचं पथक त्या बोळात आलं. बोट टोचून घेतलेल्या २० घनमिलिमीटर रक्ताचा जाडसर लेप काचपट्टीवर. मामा रात्रपाळीला होते, त्यांचं रक्त मिळालं नाही. मोठा मुलगा घरात असून आला नाही. मुलीने गोळ्या घेतल्या होत्या, तिची पट्टी काही सांगणार नव्हती.

अव्वांच्या पट्टीत काही निघालं नाही. अक्कांच्या पट्टीत जंतू होते.

घरच्यांना हे पटवायला मला पाऊण तास लागला. पाय सुजलेल्या म्हातारीत जंतू नाहीत, आणि एकही दिवस अंथरूण न धरलेल्या तिच्या सुनेत, अक्कांत, आहेत? पण हत्तीरोगात हे नेहमीचं आहे. पाय खांबासारखा होईपर्यंत बहुतेकांच्या रक्तातले जंतू संपलेले असतात. रोग पुढे नेणारा माणूस ठणठणीत दिसतो. आपण ज्याला रोगी म्हणतो त्याच्यापासून कोणाला धोका नसतो, आणि ज्याच्यापासून असतो तो म्हणतो, 'मला काय झालंय?'

मामांच्या रात्रपाळीवरून एक जुना प्रयोग आठवतो. लंडनमध्ये १८८१ साली स्टीफन मॅकेन्झी या डॉक्टरने एका रुग्णाला दिवसा झोपायला आणि रात्री जागायला लावलं. काही दिवसांत त्याच्या रक्तातल्या जंतूंचं वेळापत्रकही उलटलं. ज्या शहरात हजारो माणसं आलटून-पालटून रात्रपाळी करतात तिथे रात्री साडेआठला घरी सापडणाऱ्यांचं रक्त शहराचं काय चित्र दाखवतं, हा प्रश्न मी तेव्हा विचारला होता. 'अहवालात कुठे लिहायचं हे?' असं उत्तर मिळालं.

कोलकाता, शियामेन

या रोगाची गुंतागुंत सोडवणारे दोन मोठे शोध याच दोन देशांत लागले. माणसाच्या रक्तात हे जंतू १८७२ साली कोलकात्यात टिमोथी लुईसने पाहिले. १८७७ साली चीनच्या शियामेन बंदरात, तेव्हाच्या अमॉयमध्ये, पॅट्रिक मॅन्सन या डॉक्टरने हिन-लो नावाच्या आपल्या माळीबुवाच्या अंगावर डास सोडले, रक्त पिऊन फुगलेले डास चिरले आणि जंतू डासाच्या अंगात वाढतात हे दाखवलं. डास रोगाचा जंतू वागवतो हे जगात पहिल्यांदा कळलं ते असं, रोनाल्ड रॉसच्या मलेरियाच्या शोधाच्या वीस वर्षं आधी. मॅन्सन मात्र पुढे चुकला. डास पाण्यात मरतो आणि ते पाणी पिऊन माणसाला लागण होते, असं त्याला वाटलं. अव्वांचंही म्हणणं होतं की पाय जुन्या आडाच्या पाण्याने गेला. मी हसले नाही. त्या मॅन्सनच्या पंगतीत बसत होत्या.

भारताने राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम १९५५ साली सुरू केला, आणि कित्येक दशकं तो मुख्यतः शहरांपुरता राहिला: गटारींवर अळीनाशक, रात्रीच्या रक्तात जंतू सापडलेल्यांना डीईसी. खेडी वाऱ्यावर. चीनने सुरुवात खेड्यांतून केली. तिथे १९५० च्या दशकात हत्तीरोगाचे तीन कोटींहून अधिक रुग्ण असल्याचा अंदाज होता, आठशेहून अधिक काउंटी (आपल्या तालुक्या-जिल्ह्यांसारखे विभाग) आणि शहरं बाधित होती, आणि आपल्याकडे मुख्यतः एकाच जातीचा जंतू असताना तिथे वुचेरेरिया आणि ब्रूगिया असे दोन. मलेरिया, काळा आजार, शिस्टोसोमियासिस, अंकुशकृमी आणि हत्तीरोग हे पाच परजीवी रोग तिथल्या सरकारने राजकीय शत्रूच्या यादीत घातल्यासारखे धरले. शानतुंग प्रांताने १९८३ साली पहिला टप्पा, म्हणजे गावोगावी शंभरात एकाहून कमी माणसांत जंतू, गाठला, सगळ्या देशाने १९९४ साली.

रोग मोजायच्या पद्धतीत मला खरा फरक दिसतो. आपल्याकडे तेव्हा एकक जिल्हा. मोहिमेआधी जिल्ह्यात आठ ठिकाणं निवडायची, चार कायमची आणि चार दरवेळी नवी, प्रत्येकी पाचशे माणसांचं रक्त. शंभरात एकापेक्षा कमी निघाले की जिल्हा सुधारला. चिनी पद्धतीत शंभरात एक हीच रेघ होती, पण ती प्रत्येक गावाला लावायची. काउंटीची सरासरी चांगली असली तरी एखादं गाव रेघेच्या वर असेल तर काउंटी अडकली. रक्तही ते जास्त घ्यायचे, पुढच्या काळात १२० घनमिलिमीटरपर्यंत, म्हणजे आपल्या सहापट, त्यामुळे थोडे जंतू असलेला माणूसही निसटत नसे. जिल्ह्याच्या सरासरीत आमचा बोळ कुठल्या कुठे विरघळून जायचा. अक्कलकोट, बार्शी, माळशिरस, करमाळा आणि गटारीकाठची ही तीस घरं, सगळं एका आकड्यात.

याच गावनिहाय मोजणीतून चिनी संशोधकांना एक मोलाची गोष्ट सापडली. शंभरात एकाच्या खाली आलेल्या गावांवर त्यांनी वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. डासांचं काही न करताही तिथे रोग आपोआप विझत गेला. एवढ्या थोड्या जंतूंवर हा अकार्यक्षम डास साखळी चालू ठेवू शकत नाही. कधी थांबायचं, हे त्यांना यातून कळलं. आज जगभर या रोगाच्या निर्मूलनाचं गणित ज्या उंबरठ्याच्या कल्पनेवर उभं आहे, तिच्या पायात हे काम आहे.

शानतुंगमधलं घर

आता अक्कांचं घर उचलून १९७० च्या दशकातल्या शानतुंगच्या एका गावात ठेवून बघू.

लागण फार असेल तर सगळ्या गावाला गोळ्या, आणि त्या द्यायला गावातलाच अनवाणी डॉक्टर, म्हणजे थोडं वैद्यकीय प्रशिक्षण घेतलेला गावकरी. तो त्याच उत्पादन तुकडीत, म्हणजे एकत्र शेती करणाऱ्या घरांच्या गटात, राहणारा. संध्याकाळी पोरीला ताप आला असता तर तो चार घरांवर होता. मामांनी गोळी डब्यात टाकली असती तर दुसऱ्या दिवशी तुकडीच्या बैठकीत त्यांचं नाव निघालं असतं. आणि यापुढची पायरी मीठ. चीनने बऱ्याच भागांत स्वयंपाकाच्या मिठातच डीईसी मिसळली, मिठाच्या वजनाच्या साधारण ०.३ टक्के, आणि ते मीठ काही महिने गावाला खायला घातलं. रोज भाजीतून थोडी थोडी मात्रा. ती इतकी कमी की ताप नाही, चक्कर नाही. औषध घ्यायचं की नाही हा प्रश्न मामांपुढे आलाच नसता, कारण अक्कांनी आमटीत मीठ घातलं की उत्तर देऊन झालेलं.

हे तिथे जमलं, कारण मीठ सरकारचं होतं. विक्रीची मक्तेदारी सरकारकडे, दुसरं मीठ गावात येणारच नाही. माणसंही जागची हलत नव्हती. १९५८ पासूनच्या घरनोंदणीने गावकरी गावालाच बांधलेला. एका जागी राहणाऱ्यांच्या रोगावर एका जागी बांधलेल्या माणसांनी मात केली, असं म्हटलं तर ते चुकीचं होणार नाही, पण म्हणताना जीभ जरा अडखळते.

डीईसीचं मीठ भारतालाही अनोळखी नव्हतं. लक्षद्वीपमध्ये आणि पुदुच्चेरीतल्या कारैकलमध्ये ते वापरून पाहिलं गेलं आणि जंतूंचं प्रमाण चांगलंच घसरलं. पण देशभर नेणं जमलं नाही. आपल्याकडे मीठ शेकडो आगरांतून येतं, खडे मीठ गोणीने विकलं जातं, आणि मिठाला हात लावला की राजकारण पेटतं. आयोडीनचं घ्या. आयोडीन नसलेल्या मिठावरची बंदी २००० साली केंद्राने उठवली आणि २००५ साली परत आणली. मिठाच्या सत्याग्रहाच्या दिवसांत, १९३० साली, लष्करी कायदा भोगलेल्या या शहरात सरकारी औषधाचं मीठ सक्तीने विकायला निघालेल्या माणसाची मला काळजीच वाटेल.

सोलापुरात चीनचं नाव निघालं की कोटणिसांचं निघतंच, तर तेही होऊन जाऊ दे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९१० साली इथे जन्मले, १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि १९४२ साली तिथेच वारले. त्यांच्या स्मारकाला चिनी पाहुणे येतात, हार घालतात, फोटो होतात. या भेटींत कधीतरी कोणी शानतुंगची गावनिहाय रजिस्टरं इथल्या आरोग्यवाल्यांपुढे उलगडून ठेवली असती तर हारापेक्षा त्याचा उपयोग जास्त झाला असता. कोटणिसांनाही तेच आवडलं असतं, असा माझा आपला समज.

डबा उघडल्यावर

चीनकडून सक्ती घेता येत नाही आणि मीठही घेता येत नाही. घेण्याजोगं काय उरतं? मला दोन गोष्टी दिसल्या. मोजायचं ते लहान वस्तीला, आणि औषध न्यायचं ते माणूस रोज जिथे स्वतःहून जातो त्या जागी.

अक्का रोज कुठे जायच्या? विडी कारखान्यात. आदल्या दिवशीच्या विड्या द्यायच्या, छाट निघालेल्या विड्यांवरून हुज्जत घालायची, पान-तंबाखू घेऊन परत यायचं. बोळातल्या बहुतेक बायका त्याच खिडकीपुढच्या रांगेत. कोण आलं, कोण नाही, हे तिथल्या मुनिमाला कोणत्याही सरकारी यादीपेक्षा पक्कं ठाऊक. शानतुंगमधल्या उत्पादन तुकडीची सोलापुरी आवृत्ती शोधायची तर ती ही रांग.

पुढच्या फेरीत आमच्या गटाने तिथे टेबल लावलं. मालकाची परवानगी मिळायला तीन चकरा. त्याची अट एकच होती, रांग खोळंबता कामा नये. बायका जेवून येतात ती वेळ साधली, तरीही टेबलावर केळी ठेवली. गोळी देताना एकच वाक्य, तेलुगूतून आणि मराठीतून: ताप आला तर घाबरू नका, आत जंतू होते आणि ते मेले. मुलगी आईबरोबर टेबलाशी उभी राहिली आणि गेल्या वर्षीचं स्वतःचं उदाहरण सांगू लागली. आमच्या माहितीपत्रकापेक्षा तिचं ऐकलं गेलं. अक्कांनी गोळ्या घेतल्या. त्यांना रात्री कणकण आली, आणि सकाळी त्या शेजारणीला कौतुकाने सांगत होत्या, "माझ्यातपण होते बघ."

एक प्रसंग मात्र मला आजही खटकतो. रांगेतली एक बाई नको म्हणाली. मागच्या दोघी तिच्यावर ओरडल्या, "तुझ्यामुळं आमच्या पोरांना होईल." ती गप्प झाली आणि तिने गिळली. नोंदीसाठी ते उत्तम होतं. पण शानतुंगच्या बैठकीपासून आम्ही नेमके किती दूर होतो, हे मला त्या क्षणी सांगता आलं नसतं.

मामांसाठी तोडगा मामांनीच काढला. साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी पाळी सुटताना द्या; चक्कर यायचीच असेल तर घरी येऊ दे. बोटाची भीती अडाणी नव्हती, आम्ही चुकीच्या दिवशी जात होतो एवढंच. मागाच्या शेडबाहेर चहा-भज्यांच्या गाड्याजवळ उभं राहून वाटप केलं. मोठा मुलगाही आला. दोघांनी समोर गिळल्या.

देशपातळीवर पुढे काय झालं ते थोडक्यात. २००२ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने निर्मूलनासाठी २०१५ साल धरलं होतं. ते सरकत आता २०२७ वर आलं आहे. २०१८ पासून आयव्हरमेक्टिन जोडून तीन औषधांची फेरी सुरू झाली. पहिल्या पाच जिल्ह्यांत आपलं नागपूर होतं आणि सोलापूरहून रायचूरकडे जाताना लागणारं यादगीरही. गोळी समोर गिळवायची, हा नियम आता मोहिमेचा कणा आहे. एककही जिल्ह्यावरून तालुक्यावर उतरलं आहे. बोळापर्यंत अजून नाही. रात्रीच्या रक्ताला पर्याय शोधण्यात सेवाग्रामला डॉ. बी. सी. हरिनाथ यांच्या गटाची कित्येक वर्षं गेली. आता दिवसाढवळ्या बोटाच्या थेंबावर होणारी पट्टीची चाचणी आहे, आणि मोहीम थांबवायची का हे ठरवायला ती सहा-सात वर्षांच्या मुलांवर करतात. मोहीम सुरू झाल्यावर जन्मलेल्या मुलाच्या रक्तात काही नसेल तर साखळी तुटली. त्या घरातून गोळी न मिळालेली एकटी सून, आणि उत्तर तिच्या पोटातल्या बाळाने द्यायचं.

अव्वांचा पाय गोळीने बरा होणार नव्हता. हे मी त्यांना आधीच सांगितलं, आणि त्या माझ्यावर दोन आठवडे रुसल्या. चीनमध्येही प्रसार थांबल्यावर सुजलेले पाय मागे राहिलेच. त्या माणसांची देखभाल हे तिथलं वेगळं, निर्मूलनानंतरही चाललेलं काम आहे. अव्वांना आम्ही पाय धुवायला शिकवलं: रोज साबण आणि साधं पाणी, बोटांच्या फटी कापडाने कोरड्या करायच्या, भेगांना मलम, झोपताना पायाखाली उशी, बाहेर पडताना चप्पल. धुवायचं काम धाकट्याकडे आलं. सुरुवातीला तो नाक मुरडायचा. पुढच्या वर्षभरात अव्वांना ताप एकदाच आला.

मलमाची ट्यूब त्या पत्र्याच्या डब्यात ठेवलेली असायची. पुढच्या फेरीला मी घरी गेले तेव्हा अव्वांनी आधी पाय दाखवला, मग हात पुढे केला. त्यांच्या वाट्याच्या तीन लहान आणि एक मोठी. एकेक करून त्यांनी गिळल्या, तोंड उघडून जीभ दाखवली, आणि माझ्या रजिस्टरकडे बोट केलं. छापील रकान्यावर मी आधीच काट मारून पेनाने 'गिळल्या' लिहून ठेवलं होतं. त्यांना वाचता येत नव्हतं. मी पेन टेकवेपर्यंत त्या बघत राहिल्या.